सातवा परिच्छेद

बातमी खालून कापतात. वृत्तसंस्थेकडून येणारा मजकूर त्याच हिशेबाने लिहिलेला असतो: महत्त्वाचे वर, कमी महत्त्वाचे खाली, आणि अगदी शेवटी असे काही, जे गेले तरी कोणाच्या लक्षात येऊ नये. जागा कमी पडली की उपसंपादक शेवटचा परिच्छेद काढतो. त्यासाठी विचार करावा लागत नाही. दुबईतल्या एका इंग्रजी दैनिकात मी हे काम नऊ वर्षे करत होते. त्यातली चार वर्षे आरोग्याचे पान माझ्याकडे होते.

१९९८च्या उन्हाळ्यात एका नव्या औषधाची बातमी आली. कॅन्सरच्या गाठीचा रक्तपुरवठा तोडणारे औषध. प्रयोगात गाठी नाहीशा झाल्या होत्या. मजकूर सात परिच्छेदांचा होता. मथळ्याला दोन ओळींची जागा होती. ‘उंदरांमध्ये’ हा शब्द तिसऱ्या ओळीवर जात होता, म्हणून मी तो काढला. मजकुराच्या वरच्या भागात ‘प्रयोगशाळेतील नमुने’ असे मोघम म्हटले होते. ते नमुने म्हणजे उंदीर, माणसांवर चाचणी अजून व्हायची आहे, आणि रुग्णांनी चालू उपचार थांबवू नयेत, हे सगळे सातव्या परिच्छेदात होते. संध्याकाळी जाहिरात विभागाने एक जाहिरात उशिरा पाठवली. मी सातवा परिच्छेद काढला. पान वेळेवर गेले.

अडीच महिन्यांनी माझ्या डाव्या स्तनात गाठ सापडली. तेव्हा या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता.

*

निदान कळले तो मंगळवार होता. सर्जन इराकी होते, कमी बोलणारे. सवयीने मी पर्समधली वही काढली आणि पाच प्रश्न विचारले. किती मोठी, कुठवर गेली, ऑपरेशन कधी, नंतर काय, आणि उपचार केले नाहीत तर काय. उत्तरे लिहून घेतली. घरी येऊन पाहिले तर पाचवे उत्तर तीनदा लिहिलेले होते. अक्षर चांगले होते.

माझा नवरा मिलिंद एका बांधकाम कंपनीत एस्टिमेटर होता. पार्किंगमध्ये त्याने गाडी सुरू केली, एसी लावला, पण गिअर टाकला नाही.

“आपण पुण्याला जाऊ,” तो म्हणाला.

“कशाला?”

“तिकडे आपली माणसं आहेत, सुनीती.”

“तिकडे गेले की मी फक्त पेशंट होईन. इथे मला ऑफिस आहे.”

“ऑफिस काय करायचंय आता?”

“आरोग्याचं पान,” मी म्हणाले.

तो हसेल असे वाटले होते. तो हसला नाही. मग त्याने गिअर टाकला आणि आम्ही दुबईच्या करामा भागातल्या आमच्या घरी आलो.

ऋचा तेव्हा नऊ वर्षांची होती. तिला जेवताना सांगितले. ती आमच्याशी इंग्रजीतच बोलायची.

“आर यू गोइंग टू डाय?”

“माहीत नाही. लगेच तरी नाही.”

“ओके.” तिने वरणात भात कालवला. “कॅन आय टेल माय टीचर?”

त्या दिवशी जेवढी माणसे माझ्याशी बोलली, त्यांत सर्वांत सरळ बोलणे तिचे होते.

*

ऑपरेशन झाले. त्याबद्दल लिहिण्यासारखे कमी आहे. जखम भरायला लागली तशी कात्रणे येऊ लागली.

मिलिंदचे थोरले भाऊ पुण्याहून त्याच्या ऑफिसच्या फॅक्सवर वर्तमानपत्रांतली कात्रणे पाठवायचे. फॅक्स कंपनीतल्या सगळ्यांच्या नजरेखालून जात असे, त्यामुळे माझ्या आजाराची तपशीलवार माहिती त्याच्या सुपरवायझरपासून ड्रायव्हरपर्यंत सर्वांना होती. गव्हांकुरांचा रस, द्राक्षांचे पथ्य, कुठल्याशा झाडाची साल. मिलिंदने बाल्कनीत ट्रेमध्ये गहू पेरले. ऑगस्टच्या उन्हात ते दोन दिवसांत करपले. मग त्याने ट्रे बेडरूममध्ये, एसीखाली आणले.

मी घरात जाहीर केले की यापुढे कात्रण आणायचे नाही, वाचून दाखवायचे नाही आणि माझ्या उशाशी ठेवायचे नाही. मला जे औषध मिळणार आहे त्याचे नाव मला माहीत आहे, ते मी घेणार आहे, विषय संपला.

“म्हणजे तुझ्या पानावर येतं ते सगळं खरं,” मिलिंद म्हणाला, “आणि दादा पाठवतो ते खोटं?”

मी उत्तर दिले नाही. त्याला वाटले असेल, उत्तर नाही म्हणून.

*

किमोथेरपी दीड तासावरच्या अल ऐन शहरातल्या इस्पितळात होती. दर एकवीस दिवसांनी एकदा, अशी सहा वेळा. सकाळी सहाला निघायचे. आठला रक्त द्यायचे. मग रिपोर्टची वाट पाहायची. पांढऱ्या पेशी पुरेशा असतील तर दहाच्या सुमारास सलाइन लागे, नसतील तर परत जायचे. पेशी पुरेशा आहेत याचा आनंद व्हायचा आणि दुसऱ्या क्षणी आपण कशाबद्दल आनंदलो ते लक्षात यायचे. एका औषधाचा रंग रूह अफ्जासारखा लाल होता. तेव्हापासून घरात ते सरबत आणलेले नाही.

सिस्टर लीलाम्मा कोट्टायमची. शीर सापडेपर्यंत ती स्वतःशीच मल्याळममध्ये पुटपुटायची आणि सापडली की मोठ्याने “खलास!” म्हणायची. लाल औषध जात असताना ती तोंडात बर्फाचा खडा ठेवायला द्यायची. त्याने तोंड कमी सोलते, असे ती सांगे. मी त्याबद्दल कुठे काही वाचले नव्हते. बर्फ मात्र चघळला.

पहिल्या खेपेला माझ्या शेजारच्या खुर्चीवर हमीदा होती. श्रीवर्धनजवळच्या गावची, वय सेहेचाळीस, आजार माझाच, खेप दुसरी. मी मराठी पुस्तक उघडलेले पाहून ती म्हणाली, “ताई, तुम्ही आपल्याच की वो!” आणि पिशवीतून घावन काढले.

“आत्ता खाऊन घ्या. उद्यापासून पाणीपण खाली राहणार नाय.”

तिने सांगितले ते खरे ठरले. डॉक्टरांनी हेच तीन वाक्यांत, आणि बरेच मऊ करून सांगितले होते.

तिचे यजमान इस्माईलभाई. दुबईच्याच देरा भागात एसीच्या सुट्या भागांचे दुकान. तरुणपणी बंदरावरच्या ऑफिसात कारकून होते, तेव्हापासून रोज इंग्रजी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायची सवय. मिलिंदला दर खेपेला रजा मिळणे अवघड आहे असे कळल्यावर ते म्हणाले, “करामा वाटेवरच हाय आमच्या. सहाला खाली उभ्या राहा.” करामा त्यांच्या वाटेवर नव्हते.

सिस्टरने आमच्या तारखा जुळवून दिल्या. जाताना हमीदा पुढे बसायची, मी मागे. दोन्ही बाजूंना वाळू. तेवढा दीड तास आम्ही खूप हसायचो. एकदा स्कार्फ सारखा करत ती म्हणाली, “तुमचे गेले, माझे गेले. यांचे बघा, दवा न घेताच गेले.” इस्माईलभाईंनी आरशात स्वतःच्या टकलाकडे पाहिले आणि काही न बोलता गाडीचा वेग वाढवला.

परतीच्या वाटेवर कोणी हसत नसे. हमीदाच्या मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी असायची, माझ्याही.

*

माझ्या तिसऱ्या खेपेहून परतताना इस्माईलभाईंनी गाडी कडेला थांबवली, कारण हमीदाला उतरावे लागले. ती पुन्हा आत बसल्यावर त्यांनी डोक्यावरच्या सनशेडमागून एक कात्रण काढले. लॅमिनेट केलेले होते.

“ताई, तुम्ही पेपरवाल्या. हे वाचलंत?”

मथळा दोन ओळींचा होता. मी ओळखला.

“वाचलंय.”

“मग? खरं ना?”

“अशा औषधाला वेळ लागतो,” मी म्हणाले.

“लागू दे. वर्षभरात येईल, इन्शाल्ला. तोवर हिला कशाला जाळायची? तुम्ही बघताय ना कशी झालीय. मी म्हणतो, थांबूया. नवीन दवा आली की तीच घेऊया.”

हमीदा डोळे मिटून बसली होती.

दुबई अजून ऐंशी किलोमीटर होती. तेवढ्या वेळात मला एक वाक्य बोलायचे होते: हे उंदरांचे आहे. मी बोलले नाही. अंगात ताकद नव्हती हे कारण मी त्या आठवड्यात स्वतःला दिले. ते खरे कारण नव्हते. उंदीर म्हटले असते तर ते कात्रणात का नाहीत, हा पुढचा प्रश्न आला असता.

*

चौथ्या खेपेला मी सहा वाजता खाली उभी राहिले. सहा वीसपर्यंत गाडी आली नाही. वर जाऊन फोन केला.

“आम्ही थांबतोय, ताई,” इस्माईलभाई म्हणाले. “तुम्हाला कळवायला पाहिजे होतं. माफ करा.”

मिलिंदने ऑफिसला कळवून गाडी काढली. शेजारच्या खुर्चीवर एक अरब म्हातारी होती. लीलाम्माने माझी शीर शोधताना विचारले, “दीदी, आपकी सहेली किधर है?”

“आयी नहीं.”

“बीमार है?”

“बीमार तो है ही, सिस्टर.”

तिने सुई घातली. त्या दिवशी ती खलास म्हणाली नाही.

घरी परतताना मी मिलिंदला सगळे सांगितले. मथळा, जागा, जाहिरात, ऐंशी किलोमीटर. करामाच्या सिग्नलला तो म्हणाला, “त्या दिवशी मी विचारलं, तुझ्या पानावरचं सगळं खरं का, तेव्हा तू गप्प बसलीस.”

“हो.”

“मला वाटलं, तू मला मूर्ख समजतेस.”

“नाही. मी स्वतःला ओळखत होते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बेडरूममधले गव्हाचे ट्रे नव्हते. मी सांगितले नव्हते.

*

प्रत्येक खेपेनंतरचा पहिला आठवडा वाया जायचा. चौथ्या खेपेनंतर नवव्या दिवशी मी डोक्याला स्कार्फ बांधून ऑफिसला गेले. न्यूज एडिटर थॉमस माझा जुना सहकारी, कामात चोख. त्याच्यापुढे कात्रण ठेवले आणि खुलासा छापायला सांगितला.

“यात चूक काय आहे? खोटं असलेलं एक वाक्य दाखव.”

“एकही नाही.”

“मग खुलासा कशाचा?”

“जे छापलं नाही त्याचा.”

“असं करायला गेलो तर रोज एक पान खुलाशांचं काढावं लागेल.”

“काढू.”

तो हसला. मी हसले नाही, तेव्हा थांबला. “सुनीती, तू आजारी आहेस. घरी जा.”

“आजारी आहे म्हणूनच आले आहे. बरी असते तर मला हे सुचलं नसतं.”

त्याने कात्रण जवळ ओढले आणि तो म्हणाला, चार ओळी देतो. पुढच्या आठवड्यात त्या आल्या, पानाच्या तळाशी, जिथून कापतात तिथेच. त्या कोणी वाचल्या असतील असे मला वाटत नाही. पण थॉमसशी बोलले त्याच दिवशी मी लायब्ररीतल्या गठ्ठ्यातून मूळ मजकुराची प्रत शोधून काढली होती. सातही परिच्छेद होते. ती पर्समध्ये घातली आणि टॅक्सी करून देऱ्याला गेले.

*

दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्यांचे घर होते. इस्माईलभाई दार उघडून बाजूला झाले. हमीदा सोफ्यावर बसली होती. महिनाभरात तिच्या चेहऱ्यावर थोडा रंग आला होता. ते पाहून मला जे बोलायचे होते ते आणखी कठीण झाले.

मी प्रत इस्माईलभाईंच्या हातात दिली. ते चष्मा लावून उभ्या उभ्या वाचू लागले. शेवटाला आले, तिथे थांबले आणि पुन्हा वाचले.

“हे माझ्या कागदात नाय.”

“नाही. मी कापलं.”

“तुम्ही?”

“ते पान माझ्याकडे होतं. जागा नव्हती.”

“जागा नव्हती.” त्यांनी चष्मा काढला. “मग त्या जागेवर काय लावलं?”

“सोफ्यांच्या सेलची जाहिरात.”

त्यांचा आवाज चढला. पुढचे शब्द मी लिहीत नाही. त्यातला एकही चुकीचा नव्हता. मी गाडीत गप्प का बसले, हेही त्यांनी विचारले. मी कारण सांगितले. ते ऐकून त्यांनी पाठ फिरवली आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले.

“काय लिवलंय त्यात?” हमीदाने विचारले.

“उंदीर,” ते खिडकीकडे पाहतच म्हणाले. “उंदरांना दिलेली दवा हाय ती. माणसाला कुणी दिलेलीच नाय.”

हमीदाने माझ्याकडे पाहिले. मग ती हसायला लागली. पोट धरून हसली, शेवटी ठसका लागला.

“या अल्ला! दोन महिने गाडीत डोक्यावर ठेवलंय यांनी. उंदरांचं!”

“हसतेस काय,” इस्माईलभाई म्हणाले. “तुझी एक खेप गेली त्याच्यापायी.”

“कागदापायी नाय गेली.” ती हसायची थांबली. “कागद तुमचा. थांबायचं मला होतं. तुम्ही म्हणालात थांबूया, मी काय म्हटलं? कायपण नाय. मला बरंच वाटलं. रोज उलटी, रोज तोंड सोललेलं. तुम्ही कागद दाखवला नसता तर मी दुसरं काय तरी काढलं असतं.”

खाली दुकानात कोणीतरी पत्र्यावर हातोडी मारत होते.

“मलाही थांबायचं असतं,” मी म्हणाले. “दर खेपेला. खाली उभी असते तेव्हा वाटतं, आज गाडी येऊ नये.”

“मग का जाता?”

मी तयार करून आणलेले उत्तर वेगळे होते. त्यात डॉक्टर होते, संशोधन होते, ऋचा होती. मी म्हणाले, “कारण या आजाराने मला नेमून दिलेल्या वेळी मी मरणार नाही. जायचंच तर याला दमवून जाईन.”

हमीदाने स्कार्फ काढून पुन्हा बांधला.

“पुढची तारीख कधी?” तिने विचारले.

*

पुढच्या तारखेला सहाला पाच कमी असताना खाली हॉर्न वाजला. कात्रण सनशेडमागे नव्हते. इस्माईलभाई माझ्याशी अल ऐनपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. इस्पितळाच्या दारात त्यांनी माझी पिशवी मात्र उचलून घेतली.

डॉक्टरांनी हमीदाची फाइल पाहिली. हमीदा मला म्हणाली, “ताई, विचारा, तीन आठवडे गेले त्याचं काय.” मी विचारले. ते म्हणाले, “मी सांगू शकत नाही. कोणीही सांगू शकणार नाही. आता पुढचं बोलू.” मी ते तसेच मराठीत तिला सांगितले, काही न गाळता. ते वाक्य आजही कधीकधी माझ्याकडे परत येते. त्यावर खुलासा नाही.

तिच्या सहा खेपा झाल्या, माझ्याही. मग रेडिएशन. फेब्रुवारीत मी पुन्हा कामावर गेले तेव्हा डोक्यावर अर्धा इंच केस होते. पहिल्याच मीटिंगमध्ये सांगितले की आरोग्याच्या पानावरच्या बातमीचा शेवटचा परिच्छेद यापुढे कापायचा नाही. जागा कमी पडली तर मधला मजकूर काढायचा, आणि प्रयोग कोणावर झाला हे मथळ्यात लिहायचे. एक तरुण सहकारी म्हणाला की असे मथळे कोणी वाचणार नाही. मी म्हटले, न वाचू देत. थॉमसने तो नियम कागदावर टाइप करून भिंतीला लावला. नंतर दोनदा कोणीतरी तो काढला आणि दोन्ही वेळा मी परत लावला.

*

हे वाचणाऱ्यांत कोणी उपचार घेत असेल, तर मला एवढेच सांगायचे आहे. तुमच्याकडे कात्रणे येतील. आणणारा माणूस तुमच्यावर प्रेम करणारा असेल, म्हणून नाही म्हणणे जड जाईल. बातमी शेवटपासून वाचा आणि डॉक्टरला विचारा की हे कोणावर करून पाहिले. थांबावेसे वाटले तर तसे मोठ्याने बोला, घरात बोला, सिस्टरशी बोला. थांबावेसे वाटण्यात गैर काही नाही. त्यासाठी कागदाचा आधार शोधू लागाल, तेव्हा सांभाळा.

हे लिहिते आहे तेव्हा पाच वर्षे होत आली आहेत. आम्ही दोघी दर सहा महिन्यांनी तपासणीला जातो. गाडी इस्माईलभाईच चालवतात. रिपोर्ट हातात येईपर्यंत हमीदा पिशवीतले घावन बाहेर काढत नाही.

मधल्या काळात एक सवय पडली आहे. आरोग्याच्या पानावर मोठा मथळा आला की सकाळी माझा फोन वाजतो. हमीदा सलाम-दुवा न करता थेट विचारते.

“ताई, उंदीर की माणूस?”

“उंदीर.”

“खलास.” ती फोन ठेवते.

गेल्या महिन्यात फोन आला तेव्हा ती बातमी माझ्यासमोरच होती. मी ती पुन्हा एकदा खालून वर वाचली.

“माणूस,” मी म्हणाले.

पलीकडे तिने रिसीव्हर बाजूला धरून इस्माईलभाईंना हाक मारली, रेडिओ बंद करायला सांगितले आणि खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

“वाचा मग,” ती म्हणाली. “सगळं. मला घाई नाय.”